अनुस्वार किती पिक्सेलचा? मॉनिटरच्या रिझोल्यूशनची भाषा


मी श्रीपेरुंबुदूरहून बोलतोय. चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. रामानुजाचार्यांचं हे जन्मस्थान. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली ती इथेच, त्यामुळे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असेल. आणखी एक गंमत सांगतो. आमच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे करत मुंबईला जातो. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याच रस्त्यावर राहतात, फक्त थोडे लांब.

गेल्या वीस वर्षांत या गावाची ओळख पडद्यांनी बदलली. २००६ मध्ये इथे नोकियाचे मोबाइल बनू लागले, २०१४ मध्ये तो कारखाना बंद झाला. २००७ मध्ये डेलचे संगणक आणि सॅमसंगचे टीव्ही इथे तयार होऊ लागले. २०२४ मध्ये सॅमसंगच्या कामगारांनी महिन्याहून जास्त संप केला, तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. मी याच पट्ट्यातल्या एका जुळणी कारखान्यात तपासणीचं काम करतो. नाव सांगत नाही, कारण हे व्याख्यान आहे, जाहिरात नाही. पडद्याची काच, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं ती मूळ चकती, आमच्याकडे बाहेरच्या देशांतून येते. तिच्यामागे दिव्यांची पट्टी, वर चौकट, खाली सर्किट असं इथे बसवलं जातं आणि तयार झालेला पडदा माझ्या टेबलावर येतो. मी तो लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा आणि करडा करून बघतो. दिवसभर हेच.

या मालिकेकडे आलेले प्रश्न मला वाचायला पाठवले होते. इंदूरच्या एका काकांनी विचारलंय, "क्यूएचडी आणि टू के एकच का?" बडोद्याच्या एका ताई विचारतात, "मुलाला फोर के हवाय, मी रोज आठ तास मराठी टाइप करते, माझ्यासाठी काय?" बेळगावच्या एका दुकानदारांचा प्रश्न शेवटी घेतो, तो अवघड आहे. बडोद्याच्या ताईंच्या प्रश्नात आजचा सगळा विषय आहे, कारण दुकानात मॉनिटर दाखवताना त्यावर मराठी कुणीच लावत नाही.

आधी शब्द बघू. रिझोल्यूशन हा शब्द भौतिकशास्त्रातून आला आणि तिथे त्याला मराठीत विभेदन म्हणतात. अगदी जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी दोन म्हणून वेगळ्या ओळखू येणं म्हणजे विभेदन. दुर्बिणीतून जोडतारा दोन ताऱ्यांचा दिसला तर तिचं विभेदन चांगलं. एकच ठिपका दिसला तर वाईट. मॉनिटरच्या खोक्यावर मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने छापलेला असतो. तिथे १९२० × १०८० असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ एवढाच की आडव्या ओळीत १९२० ठिपके आहेत आणि अशा १०८० ओळी आहेत. ही मोजणी झाली. हे ठिपके केवढ्या जागेत पसरलेत हे त्यात नाही, आणि ते कळल्याशिवाय वेगळं ओळखू येईल की नाही हे सांगता येत नाही. एक किलो गहू पेरला असं सांगितलं आणि वाफा केवढा ते सांगितलंच नाही, तसं.

ठिपका म्हणजे पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या पोटात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. भिंग लावलंत किंवा पडद्यावर पाण्याचा थेंब पडला तर त्या दिसतात. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, म्हणजे पट्ट्या त्याच्या तिप्पट.

आता नावांचा गोंधळ. तो का झाला हे कळलं की पाठ करावं लागत नाही. रिझोल्यूशनच्या नावांची तीन वेगवेगळी घराणी आहेत, आणि आज त्यांची एकाच खोक्यावर गर्दी झाली आहे.

पहिलं घराणं संगणकाचं. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकाबरोबर व्हीजीए आणलं, ६४० × ४८०. मग पुढे एकेक अक्षर चिकटत गेलं. एसव्हीजीए ८०० × ६००, एक्सजीए १०२४ × ७६८, एसएक्सजीए १२८० × १०२४, यूएक्सजीए १६०० × १२००. पडदे रुंद झाले तेव्हा पुढे डब्ल्यू लागला, वाइडचा. सुपर, अल्ट्रा, एक्स्टेंडेड ही सगळी विशेषणं जाहिरातीतली. त्यांत आकडा शोधू नका, सापडणार नाही. या घराण्यातली एकच व्यक्ती अजून घराघरांत आहे, १३६६ × ७६८. हा चमत्कारिक आकडा कुठून आला? जुन्या ७६८ ओळी तशाच ठेवून पडदा सोळास नऊ या प्रमाणात रुंद करायचा, तर ७६८ ला १६ ने गुणून ९ ने भागायचं. उत्तर येतं १३६५ आणि वर एक तृतीयांश. एक तृतीयांश पिक्सेल बनवता येत नाही, म्हणून १३६६.

दुसरं घराणं टीव्हीचं, आणि ते ओळी मोजतं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं होतं आणि त्यांतल्या ५७६ ओळींतच चित्र असायचं. टीव्हीवाल्यांना पहिल्यापासून ओळींची सवय. म्हणून ७२०, १०८० हे सगळे उंचीचे आकडे आहेत. १२८० × ७२० म्हणजे एचडी, १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी. आकड्यामागचा पी म्हणजे सगळ्या ओळी एका दमात रंगवणं आणि आय म्हणजे आधी एक सोडून एक आणि मग उरलेल्या. मॉनिटर घेताना आय विसरून जा. एचडीचे ठिपके चौपट केले, दोन्ही बाजूंना दुप्पट, की २५६० × १४४० होतात. चौपट म्हणजे क्वाड, म्हणून क्यूएचडी. इथे एक खोच आहे. मोबाइलच्या जुन्या जाहिरातींत बारीक क्यू असलेलं क्यूएचडी यायचं. तो क्यू क्वार्टरचा, पाव फुल एचडीचा, म्हणजे ९६० × ५४०. एकच अक्षर, मोठं लिहिलं तर चौपट आणि छोटं लिहिलं तर पाव! असलं नामकरण आपल्याकडे एखाद्या बारशात झालं असतं तर आत्याबाईंना घरी पाठवलं असतं.

तिसरं घराणं सिनेमाचं, आणि ते रुंदी मोजतं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमाची मानकं ठरवली, त्यात २के म्हणजे २०४८ × १०८० आणि ४के म्हणजे ४०९६ × २१६०. के म्हणजे हजार, आडव्या ओळीतले सुमारे इतके हजार ठिपके. मग टीव्हीवाल्यांनी ३८४० × २१६० चा पडदा काढला. त्यांच्या रीतीने त्याचं नाव २१६० पी व्हायला हवं होतं. पण ४के हे नाव दुकानात जास्त चाललं, म्हणून त्यांनी ओळी मोजायचं सोडून रुंदी मोजायला घेतली. त्याचं रीतसर नाव यूएचडी. १०८० वरून एकदम ४ हजारांवर उडी दिसते ती यामुळे. आधी उंची सांगत होते, मग रुंदी सांगू लागले. खरी वाढ दोन्ही बाजूंना दुप्पट, एकूण चौपट, ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल.

तर इंदूरच्या काका, तुमचं उत्तर. सिनेमाच्या हिशेबाने २के हे जवळजवळ फुल एचडीच आहे. दुकानात मात्र २५६० × १४४० ला २के म्हणायची पद्धत पडली आहे. कोणी २के म्हणालं की वाद घालू नका, फक्त विचारा, "आडवे किती आणि उभे किती?" दोन आकडे मिळाले की बाकीची अक्षरं सोडून द्या.

आता बडोद्याच्या ताईंकडे येतो. माझी सख्खी मोठी बहीण सांगलीत असते आणि घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. तिच्यासाठी मॉनिटर निवडताना मी जे केलं तेच तुम्हाला सांगतोय.

मराठीत एक टिंब काय करतं बघा. "त्याच्या" आणि "त्यांच्या". टिंब नसेल तर तो आपला एकेरी मित्र. टिंब दिलं की ते आपले आजोबा, गुरुजी, किंवा दहा माणसं. श्रद्धांजलीच्या लेखात "त्याच्या आठवणी" छापून आलं तर घरचे लोक काय म्हणतील? इंग्रजी वाचणाऱ्याला अशी अडचण फारशी येत नाही. त्यांच्या लिपीत आय आणि जे वरचं टिंब दिसलं नाही तरी अक्षर कळतं. आपल्याकडे टिंबावर माणसाचा मान आणि संख्या अवलंबून. शिवाय घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. "घर" आणि "धर" यांतला फरक शिरोरेघेच्या एका छोट्या तुकड्याचा आहे. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी बारीक अक्षरात नुसत्या वळणावरून ओळखायची. आणि हे सगळं मजल्यांवर रचलेलं: वर मात्रा आणि अनुस्वार, मग रेघ, मग अक्षर, खाली उकार. तेवढ्याच उंचीत रोमन लिपीपेक्षा आपल्याकडे जास्त सामान असतं.

आता मोजू. पुस्तकाच्या १२ पॉइंटच्या अक्षराला, कागदावर असतं तेवढ्याच आकारात, २४ इंची फुल एचडी पडद्यावर उभे सुमारे १५ पिक्सेल मिळतात. मात्रेपासून उकारापर्यंतचे सगळे मजले या पंधरांत. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दीड पिक्सेल. दीड पिक्सेल नसतो, म्हणून संगणक एक गडद आणि शेजारी एक फिकट ठिपका देतो. साध्या लेझर प्रिंटरवर एका इंचात ६०० ठिपके, म्हणजे या पडद्याच्या साडेसहा पट. म्हणून ताईला कागदावर दिसणारी चूक पडद्यावर दिसत नाही. तिच्या नजरेचा त्यात काही दोष नाही.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. र. कृ. जोशी. मराठीतले कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवलं. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा जो मंगल फॉण्ट आला तो त्यांच्या देखरेखीखाली घडला, आणि विंडोजमधल्या इतर भारतीय लिप्यांच्या फॉण्टांच्या कामातही ते होते. २००८ मध्ये ते गेले. मंगल दिसायला रूक्ष आहे असं आज बरेच जण म्हणतात. जरूर म्हणा, पण तो ज्या पडद्यांसाठी घडवला ते आठवा. ८०० × ६००, फार तर १०२४ × ७६८. अक्षराला पंधरा पिक्सेलसुद्धा नाहीत, आणि त्यात क्ष, ज्ञ, ष्ठ, द्ध बसवायचे. कुठला पिक्सेल पेटवायचा आणि कुठला विझवायचा, असं ते काम. पडदा गरीब असला की अक्षराचा सगळा भार फॉण्ट बनवणाऱ्यावर पडतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक तमिळ सहकारी बसतात. त्यांना मी हे अनुस्वाराचं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "आमचं पुळ्ळि काय वेगळं आहे?" पुळ्ळि म्हणजे तमिळ व्यंजनाच्या डोक्यावरचं टिंब. ते दिलं की क चा क् होतो, पाय मोडतो. तमिळमध्ये आपल्यासारखी जोडाक्षरं फारशी नाहीत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्दात हे टिंब. ते गेलं की शब्द वाचता येत नाही. तेव्हापासून आम्ही दोघं नव्या नमुन्यावर रंगांच्या पाट्या संपल्या की एक मराठी आणि एक तमिळ पान लावून बघतो. तपासणीच्या नियमात ते नाही. दोन मिनिटं लागतात.

तर मुद्दा घनतेचा. एका इंचात किती पिक्सेल, याला पीपीआय म्हणतात. काढायला सोपं आहे. हल्लीचे बहुतेक मॉनिटर सोळास नऊ प्रमाणाचे असतात आणि इंच नेहमी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. त्या तिरक्या रेषेवर फुल एचडीत सुमारे २२०० पिक्सेल बसतात, क्यूएचडीत २९४०, ४के मध्ये ४४०० आणि १३६६ वाल्यात १५६७. या आकड्याला इंचांनी भागा. झालं. २४ इंची फुल एचडी म्हणजे २२०० भागिले २४, सुमारे ९२. तोच फुल एचडी २७ इंचांत घेतलात तर ८१. ३२ इंचांत ६९. पडदा मोठा झाला, पैसे जास्त गेले आणि अक्षर आणखी खरबरीत झालं. २७ इंची क्यूएचडी १०९, २४ इंची क्यूएचडी १२२, २७ इंची ४के १६३. आपल्याकडे खोक्यावर आकार सेंटिमीटरमध्येही छापतात, त्याला घाबरू नका, अडीचने भागा, इंचांच्या जवळ पोचाल. नेमकं हवं असेल तर २.५४ ने.

किती घनता पुरे? ते अंतरावर आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखतो. हातभर अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर, हे येतं ०.१७ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडीचा पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे डोळ्याला तो सुटा दिसू शकतो. त्याच पडद्यापासून ९५ सेंटिमीटर मागे सरकलात तर ठिपके मिसळतात. म्हणूनच दिवाणखान्यातला टीव्ही कमी घनतेचा असूनही छान दिसतो. तीन मीटरवरून कोण पिक्सेल मोजतंय? सिनेमा, मालिका, क्रिकेट, याला घनतेची फार चिंता करू नका. हलत्या चित्रात डोळा कडा शोधत नाही. काळ्या अक्षराच्या कडा पांढऱ्यावर असतात आणि स्थिर असतात, तिथे सगळं उघडं पडतं.

म्हणून माझं मत सांगतो. दिवसभर मराठी वाचायचं-लिहायचं असेल तर घनता ९० च्या खाली जाऊ देऊ नका, आणि जमलं तर ११० च्या वर ठेवा. २७ इंची फुल एचडी हा सौदा मी कुणालाही अक्षरांच्या कामासाठी सुचवत नाही, कितीही सूट असली तरी. खेळांसाठी घ्यायचा असेल तर तुमची मर्जी.

यावर कुणीतरी म्हणेल, "अहो, पण घनता वाढली की अक्षर बारीक होतं." बरोबर आहे, आणि इथेच घरोघरी एक गोष्ट घडते. अक्षर बारीक दिसतं म्हणून भाचा येतो आणि सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० वरून १३६६ करून देतो. अक्षरं मोठी होतात, आजोबा खूश. पण काचेवरचे पिक्सेल कुठे गेले? ते १९२० च आहेत. आता एका पिक्सेलचं चित्र जवळजवळ १.४ पिक्सेलवर ताणून बसवायचं, म्हणजे कडा धुरकट. जुन्या जाड नळीच्या मॉनिटरला हे फारसं जाणवत नसे, कारण त्यात असे पक्के घर केलेले ठिपके नव्हते. सपाट पडद्याला जन्मजात एकच रिझोल्यूशन असतं, त्याला नेटिव्ह म्हणतात. ते बदलायचं नाही. बदलायचं ते स्केल. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे रिझोल्यूशनच्या ज्या आकड्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तोच ठेवायचा, आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करायचं. मग अक्षर मोठं होतं आणि त्याला जास्त पिक्सेलही मिळतात. २७ इंची ४के वर १५० टक्के ठेवलंत तर जागा क्यूएचडीएवढीच मिळते, पण तोच मजकूर दीडपट बारकाईने उमटतो. अनुस्वार पोटभर जेवल्यासारखा दिसतो.

ते रेकमेंडेड संगणकाला कुठून कळतं? मॉनिटर स्वतः सांगतो. केबल जोडली की मॉनिटर १२८ बाइटची एक नोंद पाठवतो. कोणी बनवला, कोणत्या आठवड्यात, आकार किती, नेटिव्ह रिझोल्यूशन कोणतं. पडद्याची कुंडलीच म्हणा, ईडीआयडी तिचं नाव. ती नीट लिहिली गेली आहे का हे बघणं माझ्या कामाचा भाग आहे. ती चुकली तर चांगली काचसुद्धा धूसर दिसेल.

खोक्यावर सर्वांत फसवा शब्द आहे "सपोर्टेड". स्वस्त प्रोजेक्टरवर "१०८०पी सपोर्टेड" असं ठळक लिहिलेलं असतं आणि आतली काच ८०० × ४८० ची असते. ते खोटं बोलत नाहीत. तो प्रोजेक्टर १०८० चा सिग्नल घेतो, फक्त दाखवताना चेचून दाखवतो. शोधायचा शब्द नेटिव्ह. तो कुठेच छापलेला नसेल तर ते खोकं खाली ठेवा.

आता ताईची खरेदी. तिने फोन केला, "अरे, दुकानदार बत्तीस इंची घ्या म्हणतोय, डोळ्यांना आराम मिळेल." मी विचारलं आडवे किती. ती म्हणाली १९२०. म्हणजे घनता ६९. मी तिला एक पीडीएफ पाठवली. "त्याच्या त्यांच्या घर धर बारा वारा दिन दीन" असे शब्द ८, १०, १२ पॉइंटांत, आणि खाली तिच्याच एका जुन्या मुद्रिताचं पान. म्हटलं, पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानात मॉनिटरवर नेहमी धबधबा असतो नाहीतर पोपट. धबधब्यात चूक कुणाला सापडलीय? तिने तिथे तीन पडद्यांवर ती पीडीएफ शंभर टक्क्यांवर उघडली, हातभर अंतरावर बसली आणि मला फोनवर वाचून दाखवू लागली. बत्तीस इंचीवर आठ पॉइंटातला "दीन" तिने "दिन" वाचला. बाई मुद्रितशोधक आहे, तीस वर्षांची नजर, तरी. दुकानदारही मागे येऊन वाचायला लागले म्हणे.

२७ इंची ४के सुरेख होता. पण तिचा संगणक जुना, त्याचं एचडीएमआय १.४ चं. त्यातून ४के गेलं तर सेकंदाला तीसच चित्रं जातात, माउसचा बाण अडखळत चालतो. एचडीएमआय २.० असेल तर साठ जातात. डिस्प्लेपोर्टचं तोंड होतं, पण ४के ची किंमत तिच्या हिशेबात बसत नव्हती. शेवटी २४ इंची क्यूएचडी घेतला, डिस्प्लेपोर्टची केबल लावून. घनता १२२, स्केल १२५ टक्के. एक फायदा असा की २४ इंची रुंद पडद्याची उंची तीस सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ए-फोर कागदाएवढी. पूर्ण पडद्यावर लावलं तर पान खऱ्या आकारात दिसतं. ती अजूनही शेवटचं मुद्रित कागदावरच बघते, आणि बघावंच.

पिक्सेल मेला तर काय, असंही कुणी विचारलंय. आयएसओ ९२४१ या मानकमालेत पडद्यांचे दोषांनुसार वर्ग केलेले आहेत आणि बहुतेक वर्गांत दहा लाख पिक्सेलमागे काही सदोष ठिपके चालतात. कंपनी कोणता वर्ग पाळते हे वॉरंटीच्या कागदात असतं. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि तिन्ही रंगांचा करून बघा. मी पगार घेऊन जे करतो ते तुम्ही पाच मिनिटांत करू शकता.

बेळगावच्या दुकानदारांचा प्रश्न राहिला. त्यांना हिशेबासाठी मोठा पडदा हवाय आणि ते विचारतात, मॉनिटरऐवजी टीव्ही लावला तर? कागदावर जमतं. ४३ इंची ४के टीव्हीची घनता १०२ येते, २२ इंची फुल एचडी मॉनिटरएवढी. ३२ इंची स्वस्त टीव्ही मात्र बहुधा १३६६ × ७६८ चा असतो, "एचडी रेडी" लिहिलेला, घनता ४९. तो नको. ४३ इंची घेतलात तरी दोन गोष्टी करा. बरेच टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं ताणतात, ही दूरदर्शनच्या काळातली सवय. सेटिंगमध्ये स्क्रीन फिट, जस्ट स्कॅन अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. आणि टीव्ही रंगाची माहिती कधीकधी पावपटच ठेवतो, उजेडाची पूर्ण. सिनेमात कळत नाही, पण पांढऱ्यावर लाल आकडे लिहिलेत की कडांना रंग फुटलेला दिसतो. तुमच्या हिशेबात येणी काळ्यात आणि देणी लाल अक्षरांत असतील, तर फुटतील ती देणीच. बऱ्याच टीव्हींवर त्या इनपुटचं नाव पीसी असं ठेवलं की हे थांबतं. काही टीव्हींवर थांबत नाही, म्हणून घेण्याआधी दुकानातच आपला लॅपटॉप जोडून एक लाल ओळ टाइप करून बघा. आणि त्या ओळीत एखादा अनुस्वार असू द्या.